आपला राग कुणाच्या कामी येतो?

पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत, ग्रामसभेत किंवा हाऊसिंग सोसायटीच्या बैठकीत आपला माणूस गाऱ्हाणे घेऊन गेला की त्याला पहिले वाक्य ऐकायला मिळते, "आधी आवाज खाली करा." काय घडले, कुणी केले, कुणासमोर केले हे सगळे नंतर. ज्याने भर चौकात जातीवरून शिवी हासडली त्याचा आवाज मात्र कुणी मोजलेला नसतो. साहेबांनी टेबलावर हात आपटला तर ती शिस्त, पाटलाने दम दिला तर तो दरारा आणि आपला माणूस जरा चढ्या सुरात बोलला की तो माज! या देशात आवाजालाही जात आहे, हे आंबेडकरी जनतेला नव्याने सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच "राग आवरा, शांत राहा" असा उपदेश करायला आम्ही सहजासहजी धजावत नाही. हा उपदेश आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला आणि त्याचा खरा अर्थ "गप्प राहा" एवढाच होता. अन्यायाची चीड येणे हे माणूस जिवंत असल्याचे लक्षण आहे. ही चीड नसती तर महाड घडले नसते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला नसता, १९७२ साली दलित पँथर जन्माला आली नसती. तेव्हा राग यावा की न यावा, हा आमच्यापुढचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो आलेला राग कुणाच्या कामी येतो हा. आपल्या, की ज्याच्यावर तो काढला त्याच्या? अत्याचाराची प्रकरणे न्यायालयात चालवताना आणि वस्तीतल्या, विहारातल्या बैठकांत बसताना जे दिसत आले आहे त्यावरून आम्ही सांगतो, की भांडणाच्या त्या पाच मिनिटांत तोंडावाटे बाहेर पडलेला राग बहुतेक वेळा समोरच्याच्याच पथ्यावर पडतो.

मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात तथागतांनी एक गोष्ट सांगितली आहे. श्रावस्तीत वैदेहिका नावाची एक गृहिणी होती. ती फार शांत, फार सौम्य अशी तिची गावभर ख्याती. तिच्याकडे काली नावाची दासी होती, कामात चोख. कालीच्या मनात आले, की बाईला राग येतच नाही, की माझे काम व्यवस्थित असते म्हणून तो दिसत नाही? तिने परीक्षा पाहायचे ठरवले. एक दिवस उशिरा उठली, बाईच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा उठली, बाईच्या तोंडून अपशब्द निघाले. तिसऱ्या दिवशी त्याहूनही उशीर केला, तेव्हा बाईने दाराचा अडसर उचलून कालीच्या डोक्यात घातला.

या गोष्टीतून भिक्खूंना मिळालेला धडा असा, की मनाविरुद्ध शब्द कानावर पडेपर्यंत सगळेच शांत असतात. खरी शांती त्यानंतर कळते. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वैदेहिकेची शांती कालीच्या कष्टांवर उभी होती. ज्याचे सगळे सुरळीत चालले आहे त्याला शांत राहायला काय लागते? आणि दुसरे असे, की डोके फुटल्यावर कालीने काय केले? तिने उलट अडसर उचलला नाही आणि ती कोपऱ्यात रडतही बसली नाही. रक्ताने भरलेले डोके घेऊन ती बाहेर आली आणि शेजारणींना म्हणाली, बघा या सौम्य बाईचे काम. म्हणजे तिने जखम दाखवली आणि साक्षीदार जमवले! वैदेहिकेची सारी कीर्ती त्या दिवशी संपली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही दासी आजच्या अनेक शिकल्यासवरल्या फिर्यादींपेक्षा शहाणी होती, असेच आम्हाला वाटते.

आज ठाण्यात काय घडते ते पाहा. तक्रार घेऊन गेलेल्या तरुणाला तासभर बाकावर बसवून ठेवले जाते. मग "तुमचे हे रोजचेच आहे" असे एखादे वाक्य टाकले जाते. ते सहज पडलेले असो की मुद्दाम टाकलेले, परिणाम एकच. तरुण उसळतो, टेबलावर हात मारतो, कुणाला तरी धक्का लागतो. त्या क्षणी विषयच बदलतो. सकाळची मारहाण मागे पडते आणि सरकारी कामातला अडथळा पुढे येतो. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ३५३ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ आहे. सरकारी नोकरावर हात टाकल्याचा हा गुन्हा अजामीनपात्र आहे. सकाळी फिर्याद द्यायला गेलेला माणूस संध्याकाळी आरोपी होऊन कोठडीत बसतो.

गावातही हेच चालते. शिवीला शिवी आणि काठीला काठी असे झाले की "दोन गटांत हाणामारी" असे लिहून मोकळे होणे पोलिसांना सोपे जाते. समोरून उलट फिर्याद येते, त्यात कधी दरोड्याचे कलमही असते. मग गावातले प्रतिष्ठित लोक समेटाला बसतात. "तुम्ही तुमची केस मागे घ्या, ते त्यांची घेतील." अत्याचाराची किती प्रकरणे या एका वाक्यापाशी येऊन संपतात, हे तालुक्याच्या कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. आपली पोरे कधी चिडतील याची वाट पाहणारे लोक गावोगाव बसलेले आहेत, कारण आपली चीड हा त्यांचा बचाव असतो.

आता कायद्याला काय लागते ते पाहू. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ सालचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, जातीवरून अपमान आणि शिवीगाळ यांसाठी त्यात कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) आहे. या दोन्ही कलमांत घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. याचा सरळ अर्थ असा, की त्या क्षणी नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, किती वाजले होते, जागा कोणती आणि तिथे कोण कोण उभे होते यावर सगळे प्रकरण उभे राहते किंवा कोसळते. तापलेल्या डोक्याला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त शिवी देणाऱ्याचे तोंड दिसते. घरी आल्यावर "बाजूला कोण होते?" असे विचारले की "होते बरेच जण" एवढेच उत्तर मिळते. बरेच जण साक्षीला येत नसतात. साक्षीला नावगाव असलेला माणूस लागतो.

त्याहून घातक प्रकार म्हणजे रागाच्या भरात नावे वाढवणे. मारणारे तिघे असतात, पण फिर्यादीत त्यांच्या भावकीतली अकरा नावे जातात. "सगळ्यांना अडकवू" या भावनेने घातलेल्या त्या आठ नावांतला एक जण त्या दिवशी परगावी होता असे सिद्ध झाले, की उरलेल्या तिघांविरुद्धची खरी साक्षही संशयाच्या जाळ्यात सापडते. "कायद्याचा गैरवापर होतो" अशी हाकाटी करणाऱ्यांना आयते निमित्त मिळते. ही हाकाटी कुठवर जाते ते आपण पाहिले आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी या कायद्याची धार बोथट करणारे आदेश दिले. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये रस्त्यावर उतरलेल्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले. त्यानंतर संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ आणले आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते आदेश मागे घेतले. इतक्या मोलाने राखलेला कायदा एका रात्रीच्या रागापायी दुबळा करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एकाच बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. महाराष्ट्रभर राग रस्त्यावर आला आणि तो येणे रास्तच होते. त्यावाचून प्रकरण दडपले गेले असते. पण २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिली तेव्हा अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणात लागू होत नाही असे ठरवले आणि २०१० साली उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. साऱ्या जगाला जे दिसत होते ते न्यायालयाच्या कागदावर सिद्ध झाले नाही. तपासाची हेळसांड, व्यवस्थेची वृत्ती ही कारणे आहेतच. त्या कुटुंबाच्या दुःखाला दोष देण्याचा तर प्रश्नच येत नाही. पण चळवळीने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. रस्त्यावरचा राग जितका प्रचंड, तितकीच चिकाटी पहिल्या दिवसापासून कागदावर हवी.

हे आम्हाला बाबासाहेबांनी शिकवले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून महाडच्या सनातन्यांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. माणसे रक्तबंबाळ झाली. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले पेन्शनर होते, हातात काठ्या असलेले तरुण होते. त्यांना फक्त बाबासाहेबांच्या एका शब्दाची गरज होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले, जखमींची व्यवस्था लावली आणि हल्लेखोरांवर खटले भरले गेले. काहींना सक्तमजुरीची शिक्षाही झाली.

डिसेंबरमध्ये तर त्याहून अवघड प्रसंग आला. सनातन्यांनी दिवाणी दावा लावून तळ्यावर तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आलेले, तुरुंगात जायला सिद्ध असलेले. बाबासाहेबांनी त्यांना समजावले, सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. पण म्हणून राग विझला होता का? त्याच परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली! आणि तळ्याचा दावा लढवत लढवत १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. तेव्हा हिशेब करा. त्या रात्री काठ्या चालल्या असत्या तर राग एका रात्रीत संपला असता आणि महाडचे नाव दंगलीच्या यादीत गेले असते. तो राखून ठेवला म्हणून दहा वर्षे पुरला आणि निकाल आपल्या बाजूने लागला.

मग प्रत्यक्ष वादाच्या वेळी करावे काय? राग आधी शरीरात येतो. कानशिले तापतात, श्वास आखूड होतो, मुठी वळतात. सतिपट्ठानाची शिकवण हीच, की राग आला आहे हे आधी ओळखावे. उत्तर देण्यापूर्वी तीन श्वास सावकाश घ्यावेत. तेवढ्या वेळात जीभ ताब्यात येते. उभे असलो तर बसावे. समोरचा आवाज चढवत असेल तर आपण तो उतरवावा आणि वाक्ये आखूड करावीत. टोमण्याला उत्तर देऊ नये, आपल्या मुद्द्यावरून हलू नये. "साहेब, माझी फिर्याद लिहून घ्या." पुन्हा टोमणा आला तर पुन्हा तेच वाक्य. "घेत नसाल तर नकार लेखी द्या." हे वाक्य शांतपणे तीन वेळा उच्चारले, की आरडाओरड्याने जे होत नाही ते कित्येकदा होऊन जाते. कारण ओरडणाऱ्याला हाकलता येते. लेखी मागणाऱ्याला हाकलताना अधिकाऱ्यालाही विचार करावा लागतो.

या वाक्यामागे कायद्याचे बळ आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले आहे. अत्याचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवणे, मगच सही घेणे आणि लगेच प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. ज्याला पुढची पायरी ठाऊक असते त्याला या पायरीवर ओरडावे लागत नाही. आमच्या मते राग आवरण्याचा सर्वांत चांगला उपाय कायद्याची माहिती हाच आहे.

शक्यतो एकट्याने जाऊ नये. दोघांनी जावे, एकाने बोलावे, दुसऱ्याने फक्त पाहावे आणि टिपावे. बोलायला धीराचा माणूस निवडावा. वस्तीत ज्याचा आवाज मोठा त्यालाच पुढे करण्याची खोड सोडावी. आणि त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, घडले ते क्रमाने वहीत लिहून काढावे. शिवी असेल तर ती जशीच्या तशी लिहावी, "घाणेरड्या शब्दांत बोलला" असे मोघम नको. वेळ, जागा, हजर माणसे, आपली जात आणि शिवी देणाऱ्याची जात, सगळे लिहावे. मोबाईलवर धमकी आली तर उत्तर सकाळी द्यावे, पण मजकूर रात्रीच जपून ठेवावा. राग कागदावर उतरला की मन हलके होते आणि तो कागद प्रकरणाच्या कामी येतो.

साक्षीच्या पिंजऱ्यात तर हीच परीक्षा असते. बचावाचा वकील मुद्दाम डिवचतो, "तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीचे कसे?" साक्षीदार भडकून भाषण द्यायला लागला की वकिलाचे काम झाले. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेले अनुसूचित जातींचे लोकही या यादीत येतात, हे ज्याला ठाऊक आहे तो शांतपणे एवढेच म्हणतो, "माझा जातीचा दाखला न्यायालयात दाखल आहे." त्यापुढे वकिलाला विचारायला काही उरत नाही.

शांत बोलणे म्हणजे मिळमिळीत बोलणे, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी 'साधना'त राजा ढाले यांनी ब्राह्मणगावच्या स्त्रियांच्या विटंबनेवर लिहिले ते निखाऱ्यासारखे होते. पण ते विचार करून, स्वतःच्या नावाने लिहिलेले होते आणि त्याची किंमत मोजायला ते तयार होते. तरीही व्यवस्थेने काय केले? विटंबना बाजूला सारून राष्ट्रध्वजाच्या अवमानाची चर्चा केली. जिथे शुद्धीवर राहून लिहिलेल्या शब्दांचाही विषय बदलला जातो, तिथे भान हरपून काढलेल्या शब्दांचे काय होत असेल! १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. संसदेत आपले निवेदन हवे तेव्हा करू दिले जात नाही असे दिसल्यावर ते सभागृहातून उठून बाहेर आले आणि लेखी निवेदन वृत्तपत्रांना दिले. राग त्यांनी लपवला नाही, पण मागे ठेवला तो मुद्देसूद दस्तऐवज. तो आजही वाचला जातो.

शेवटी एक कटू गोष्ट. आपल्यातल्या अनेकांचा राग चुकीच्या दारात मोकळा होतो. साहेबासमोर मान खाली असते आणि जयंतीच्या बैठकीत आपल्याच सहकाऱ्यासमोर मूठ वर असते. वर्गणीच्या हिशेबावरून, फलकावरच्या नावाच्या क्रमावरून, मिरवणुकीच्या मार्गावरून बोललेले शब्द वीस वीस वर्षे विसरले जात नाहीत. एका विहाराच्या दोन समित्या होतात, एका वस्तीत दोन जयंत्या निघतात. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी उभा राहिला आणि लवकरच गटांत वाटला गेला. १९७२ ची पँथर १९७७ साली बरखास्त झाली. या फुटींमागे धोरणाचे मतभेद होते हे खरेच, पण मतभेद पुन्हा बोलून मिटवता येतात. अपमानाचे शब्द मिटत नाहीत. अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा यासाठीच आहे. खोटे बोलणे, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड या चार गोष्टी टाळा, असे ती सांगते. आपण बैठकीत यातले काय टाळतो, याचा प्रत्येक पदाधिकाऱ्याने विचार करावा.

आणि घरातली काली? कचेरीत अपमान गिळून आलेला पुरुष घरी बायकोवर, पोरांवर ओरडतो, हात उगारतो, तेव्हा तो वैदेहिकेचाच अडसर उचलत असतो. वरून आलेला अन्याय खाली ढकलणे हीच तर जातिव्यवस्थेची रीत! ती आपल्या घरात चालवून वर जयभीम म्हणण्यात अर्थ नाही. आणि घरातल्या अत्याचारासाठीही २००५ चा कायदा आहे, हेही लक्षात असू द्यावे.

त्याच ककचूपम सुत्तात बोलण्याच्या पाच बाजू सांगितल्या आहेत : ते वेळेवर आहे की अवेळी, खरे की खोटे, सौम्य की कठोर, हिताचे की अहिताचे, मैत्रीच्या मनाने की द्वेषाने. समोरचा कसा बोलेल हे आपल्या हाती नाही. आपण कसे बोलावे हे आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर याचा सराव घ्यावा. एकाने ठाणे अंमलदार व्हावे, दुसऱ्याने फिर्यादी व्हावे, टोमणे मारावेत आणि फिर्याद कशी लिहून घ्यायला लावायची ते तरुण-तरुणींनी करून पाहावे. वस्तीतल्या एखाद्या वकिलाने शेजारी बसून चुका दाखवाव्यात. यासाठी वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. एक वही, एक पेन आणि आपला राखून ठेवलेला राग एवढे पुरेसे आहे.